प्रागच्या चौकात हातात आलेल्या पाच नोटा

गेल्या मे महिन्यात आम्ही उभयता जर्मनीत मुलीकडे गेलो होतो आणि तिथून चार दिवसांसाठी चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग पाहायला गेलो. पहिल्याच दुपारी एका माणसाने भर चौकात, माझ्या डोळ्यांदेखत माझे २०० युरो नेले. हे कसे घडले ते सविस्तर लिहितो आहे, कारण सहलीला जाणाऱ्या मराठी मंडळींत माझ्या वयाचे पुष्कळजण असतात आणि ज्या सवयीच्या भरवशावर मी फसलो, ती सवय त्यांनाही असणार.

चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात असले तरी तिथले चलन युरो नाही. व्यवहार कोरुनामध्ये चालतो आणि एका युरोला साधारण २५ कोरुना मिळतात. जुन्या नगरचौकात १४१० सालचे खगोलीय घड्याळ आहे. तासाचा ठोका पडला की सांगाड्याची मूर्ती घंटेची दोरी ओढते, वरच्या खिडक्यांतून येशूच्या बारा प्रेषितांच्या मूर्ती सरकत जातात आणि खाली जमलेली सगळी गर्दी माना वर करून उभी राहते. तो सोहळा पाहून आम्ही पैसे बदलून घेण्यासाठी जवळच्या एका खिडकीकडे निघालो, तेव्हा नीटनेटक्या कपड्यांतला एक मध्यमवयीन माणूस पुढे आला. ‘तिथे जाऊ नका, ते फार पैसे कापतात, मी २५ च्या भावाने देतो,’ असे तो इंग्रजीत म्हणाला. खिडकीवरचा भाव खरोखरच बराच कमी होता, त्यामुळे त्याचे बोलणे मला पटले.

मी ३१ वर्षे एका सहकारी बँकेत रोखपाल होतो. त्याने दिलेल्या १००० च्या पाच नोटा मी दोनदा मोजल्या, कागद बोटांनी चाचपला, एक नोट उजेडाकडे धरून जलचिन्हही पाहिले. सगळे व्यवस्थित होते, कारण नोटा खऱ्याच होत्या. त्या फक्त चेक प्रजासत्ताकाच्या नव्हत्या. आकडा बरोबर आहे का आणि नोट बनावट तर नाही ना, एवढेच तपासण्याची माझ्या हातांना सवय. ही नोट कोणत्या देशाची आहे, हा प्रश्न आपल्याकडच्या काउंटरवर कधी पडतच नाही, आणि तो माणूस नेमक्या याच गोष्टीवर विसंबून होता. मी मोजत असतानाच शेजारी उभा असलेला दुसरा एकजण ‘पोलीस, पोलीस’ असे काहीसे पुटपुटला, मी घाईने नोटा पाकिटात ठेवल्या आणि ते दोघेही गर्दीत दिसेनासे झाले.

चार्ल्स पुलाकडे जाताना एका छोट्या दुकानात कॉफी घेतली आणि पैसे द्यायला एक नोट पुढे केली. काउंटरवरच्या मुलीने ती उलटसुलट करून पाहिली आणि हलक्या आवाजात एकच शब्द उच्चारला, ‘बेलारूस’. त्या जुन्या बेलारूशी रुबलच्या नोटा होत्या. बेलारूसने २०१६ साली १०,००० जुन्या रुबलांना एक नवा रुबल असे प्रमाण ठरवून चलन बदलले, आणि जुन्या नोटा बदलून देण्याची मुदतही २०२१ अखेर संपली. मुदत शिल्लक असती, तरी माझ्या पाचही नोटा मिळून अर्धा रुबलच हाती आला असता. सौ. मला काही बोलली नाही, पण तिचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटले, कारण त्या पैशांतून नातवंडांसाठी काही घ्यायचे तिने ठरवले होते.

पोलिसांनी तक्रार शांतपणे लिहून घेतली. पैसे मात्र मिळाले नाहीत. तिथेच एक नियम कळला, जो प्रत्येक प्रवाशाला ठाऊक असायलाच हवा. एप्रिल २०१९ पासून चेक कायद्यानुसार परवानाधारक केंद्रावर १००० युरोपर्यंतची रक्कम बदलली असेल, तर तीन तासांच्या आत पावती दाखवून तो व्यवहार रद्द करता येतो. म्हणजे ज्या खिडकीचा भाव मला वाईट वाटला, तिथे फसलो असतो तरी पैसे परत मिळवण्याचा मार्ग होता; रस्त्यावरच्या माणसाकडे ना परवाना असतो, ना पावती.

चेक नोट ओळखणे अवघड नाही, हे मला नंतर समजले. चलनातल्या १०० पासून ५००० पर्यंतच्या प्रत्येक नोटेवर माणसाचा चेहरा आहे. १००० च्या नोटेवर इतिहासकार पालात्स्की आहेत. माझ्या नोटांवर इमारती होत्या आणि अक्षरे रशियनसारखी होती, तर चेक भाषा रोमन लिपीत लिहिली जाते. निघण्यापूर्वी या नोटांची चित्रे मोबाइलमध्ये घेऊन ठेवावीत. केंद्राच्या फलकावर दोन भाव असतात. आपण युरो देणार असू, तर ‘नाकुप’ म्हणजे केंद्राची खरेदी या शब्दाखालचा भाव आपला, ‘प्रोदेय’ म्हणजे विक्रीखालचा नव्हे. पैसे पुढे करण्याआधी हातात नेमके किती कोरुना पडतील ते कागदावर लिहून मागावे. एटीएममधून पैसे काढताना यंत्र रुपयांत रक्कम वळती करण्याविषयी विचारते, तिथे नकार देऊन कोरुनाच निवडावा. खरे तर रोख पैशांची गरजही फारशी पडत नाही. उरलेले तीन दिवस आम्ही ट्रामचे तिकीटसुद्धा ट्राममधल्याच यंत्रावर कार्ड टेकवून काढले.