बुकिंग नंबर खरा होता, बुकिंग नव्हतं

क्रूझ कंपनीच्या संकेतस्थळावर तुमचं नाव दिसतं, केबिनचा नंबर दिसतो, जहाज सुटायला किती दिवस उरलेत तेही दिसतं. एवढं सगळं दिसत असूनही तुमचे पैसे कंपनीकडे पोचलेले नसू शकतात. गेल्या वर्षी हे आम्हाला कळलं, आणि आमच्याबरोबर न्यू जर्सीतल्या आणखी काही मराठी घरांनाही.

बेत साधा होता. नाताळच्या सुट्टीत फोर्ट लॉडरडेलहून सुटणारी सात रात्रींची पूर्व कॅरिबियनची फेरी. वाटेत सान हुआन, सेंट थॉमस आणि सेंट मार्टिनचं फिलिप्सबर्ग. कोल्हापूरहून सासू-सासरे ऑक्टोबरात येणार होते, म्हणजे ते दोघं आणि आम्ही तिघं, दोन केबिन. आमच्याकडच्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक गृहस्थ अशा सहली ठरवून द्यायचे. राहायला फ्लोरिडात, पण गणपतीच्या पत्रिकेवर प्रायोजक म्हणून त्यांचं नाव असायचं. फोनवर बोलणं अगदी घरातल्यासारखं: "वहिनी, आईंना गुडघ्यांचा त्रास आहे ना? लिफ्टजवळची केबिन धरतो." नाताळचा आठवडा हा कॅरिबियनमधला सगळ्यात महागड्या आठवड्यांपैकी एक. तरी यांचा भाव कंपनीच्या भावापेक्षा जवळपास तीस टक्क्यांनी कमी. कसा काय, विचारलं तर उत्तर ठरलेलं: ग्रुप रेट.

ग्रुप रेट ही शुद्ध थाप असती तर कुणी फसलंच नसतं. एजंट एकदम बऱ्याच केबिन धरतो, आणि पुष्कळ कंपन्या साधारण सोळा प्रवाशांमागे एकाचं मूळ भाडं माफ करतात. ती सूट सगळ्यांत वाटली तर माणशी सहा टक्के पडते. वर जहाजावर खर्चायला थोडे डॉलर मिळतात. नाताळात तीस टक्के सोडायला कोणतीही कंपनी वेडी नाही.

आता पैसे कसे गेले ते नीट सांगते, कारण खरी कारागिरी तिथेच आहे. अनामत रक्कम त्यांनी आमच्या क्रेडिट कार्डावरून घेतली आणि ती खरोखर क्रूझ कंपनीलाच गेली. स्टेटमेंटवर कंपनीचंच नाव. बुकिंग नंबर आला, तो कंपनीच्या साइटवर टाकला, पाचही नावं बरोबर. इथे बहुतेकांचा संशय संपतो. मग ऑगस्टमध्ये उरलेली रक्कम मागताना म्हणाले, "कार्डावर तीन टक्के जास्त जातात, झेलनं पाठवा. ग्रुपचे पैसे मी एकदम भरतो." चार हजारांच्या वर डॉलर झेलनं, म्हणजे एका बँक खात्यातून दुसऱ्यात थेट पैसे पाठवायच्या अमेरिकी सोयीनं, गेले. दुसऱ्या दिवशी पीडीएफ आली, कंपनीचा लोगो आणि खाली "शिल्लक ०". ती पीडीएफ त्यांनी घरी बसून बनवली होती. त्यात प्रवास विम्याचेही पैसे धरले होते. पॉलिसी कधी काढलीच नव्हती.

अशा लांबीच्या फेरीचे पूर्ण पैसे साधारण तीन महिने आधी भरावे लागतात. ती तारीख उलटली की बुकिंग रद्द. आमचं सप्टेंबरअखेर रद्द झालं आणि अनामत कार्डावर परत जमा झाली. मी लगेच फोन केला. "अहो वहिनी, किंमत उतरली म्हणून ग्रुपची नोंद नव्यानं केली. अनामत परत येते आणि नवीन नोंदीत मी ती भरतो, हिशेब मागाहून करू." कार्डावर पैसे परत आलेले पाहून तक्रार कोण करतो? त्यांनाही हे पक्कं ठाऊक होतं. साइटवर नंबर दिसेनासा झाला, तर "नवीन नंबर ग्रुपखाली आहे, तुम्हाला दिसणार नाही." चेक-इन उघडेना, तर "ग्रुपचं उशिरा उघडतं."

तुम्ही विचाराल, कंपनीला फोन का नाही केला? केला होता, ऑगस्टमध्येच. एजंटमार्फत झालेल्या बुकिंगबद्दल बहुतेक क्रूझ कंपन्या प्रवाशाशी हिशेबाचं बोलत नाहीत. 'तुमच्या एजंटला विचारा' एवढंच ऐकायला मिळतं. ही पद्धत एजंटांच्या धंद्याचं रक्षण करायला आहे, आणि ठगाला तिचा फार आधार मिळतो. नोव्हेंबरात नवरा फोनवर हटून बसला, तेव्हा पलीकडच्या बाईंनी एवढंच सांगितलं की हे बुकिंग पूर्ण पैसे न आल्यामुळे रद्द झालेलं आहे आणि या नावांनी दुसरं कुठलंच नाही. फोर्ट लॉडरडेलची विमानाची तिकिटं तोवर हातात होती.

त्यानंतरचं सगळं ठरलेल्या क्रमानं झालं. आधी कंपनीचा घोळ, मग अकाउंटंट आजारी, मग रिफंडचा चेक पोस्टात, मग फोन बंद. बँक म्हणाली, झेलचे पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, खात्यात कुणी घुसलेलं नाही, तेव्हा आम्ही काही करू शकत नाही. कार्डानं सगळे पैसे दिले असते तर गोष्ट वेगळी असती. न मिळालेल्या सेवेबद्दल कार्ड कंपनीकडे दाद मागता येते आणि कायद्यानं त्यासाठी स्टेटमेंट आल्यापासून ६० दिवस असतात. तीन टक्के वाचवायला लावण्यामागचं खरं कारण हे.

आम्ही ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनकडे, एफबीआयच्या इंटरनेट गुन्ह्यांच्या पोर्टलवर आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे तक्रारी केल्या. फ्लोरिडात प्रवास विकणाऱ्याला नोंदणी करावी लागते, आणि ती होते चक्क तिथल्या कृषी आणि ग्राहक सेवा खात्याकडे. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन आणि हवाईतही अशी नोंदणी आहे. फ्लोरिडाची यादी ऑनलाइन तपासता येते. आमच्या गृहस्थांचं नाव त्या यादीत नव्हतं. भारतात बसून कुणाला पैसे पाठवले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. तिथे पहिल्या काही तासांवर बरंच अवलंबून असतं.

त्याच ग्रुपमधल्या एका घराची गोष्ट मला आमच्या पैशांपेक्षा जास्त लागली. दोघंही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्यांची मुदत संपलेली. एजंटनं त्यांना सांगितलं होतं, "क्रूझ अमेरिकेतून सुटून अमेरिकेतच परत येते, व्हिसा लागत नाही, जन्मदाखला पुरतो." जन्मदाखला आणि सरकारी ओळखपत्रावर चालणारी सवलत आहे, पण ती अमेरिकी नागरिकांसाठी. भारतीय पासपोर्टवाल्याला परत येताना चालू व्हिसा हवा, आणि आई-वडिलांच्या व्हिझिटर व्हिसावर एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाची मुभा हवी. शिक्का संपलेला असताना तीस दिवसांच्या आत परतण्याची जी सोय एच-१बीवाल्यांना आहे, ती कॅनडा-मेक्सिकोपुरती. कॅरिबियन बेटांसाठी ती फक्त एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना मिळते. म्हणजे जहाज खरंच असतं तर या दोघांना बंदरावरूनच परत पाठवलं असतं, नाहीतर परतीच्या दिवशी इमिग्रेशनपुढे उभं राहावं लागलं असतं. त्यांचे पैसे गेले, पण नोकऱ्या राहिल्या.

"फुकट क्रूझ लागली" असे फोन हा वेगळा प्रकार, पण तोही चालूच असतो. २०१५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन आणि दहा राज्यांनी मिळून अशा एका जाळ्यावर कारवाई केली. राजकीय पाहणीच्या नावाखाली यंत्रानं फोन करायचे, बक्षीस म्हणून बहामाजची दोन दिवसांची क्रूझ द्यायची, मग बंदराचा कर म्हणून ५९ डॉलर मागायचे आणि पुढे हॉटेल वगैरे गळ्यात मारायचं. हे निदान परक्या माणसाचे फोन, ते ठेवून देता येतात.

सासू-सासऱ्यांचा मुक्काम मार्चपर्यंत होता, म्हणून फेब्रुवारीत आम्ही तीच फेरी पुन्हा धरली, या वेळी थेट कंपनीच्या साइटवर आणि सगळे पैसे क्रेडिट कार्डानं. एजंट वाईटच असतात असं माझं म्हणणं नाही. चांगला एजंट तुमचं कार्ड थेट कंपनीला लावतो आणि स्वतःचं कमिशन कंपनीकडून घेतो. स्वतःच्या खात्यावर भाडं मागणारा भेटला की तिथेच थांबावं. शिल्लक किती आहे ते त्यालाच आपल्यासमोर फोन स्पीकरवर ठेवून कंपनीला विचारायला सांगावं. खऱ्या एजंटला त्यात दोन मिनिटांपलीकडे काही लागत नाही.

स्वतः बुकिंग केल्यावर खरा खर्चही समजला. भाड्यावर बंदराचे कर येतात. टिप माणशी रोज साधारण सोळा ते वीस डॉलर आपोआप लागते, केबिनमधल्या लहान मुलालाही. दारूचं पॅकेज एकानं घेतलं की बहुतेक कंपन्यांत त्या केबिनमधल्या सगळ्या प्रौढांना घ्यावं लागतं. सासूबाईंच्या नावानं असं पॅकेज लागलं असतं तर त्यांनी जहाजच परत फिरवलं असतं. वायफाय वेगळं. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल सरळ तुमच्या खात्यावर चढतं, म्हणून विमा काढाच, आणि पॉलिसी नंबर विमा कंपनीला फोन करून पडताळा. विमान जहाजाच्या आदल्या दिवशीचं घ्या. जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम असतो, तेव्हाच्या स्वस्ताईत तो धोका मोजलेला असतो.

जेवणाची धास्ती मात्र उगाच होती. या जहाजांवर गोव्याची माणसं पुष्कळ असतात. आमच्या डायनिंग हॉलचा हेड वेटर मडगावचा निघाला. बिनकांद्याची भाजी आणि वरण-भात हवा असेल तर आदल्या रात्री सांगायचं, एवढीच त्याची अट. तिसऱ्या दिवसापासून तो सासऱ्यांशी कोकणी-मराठीच्या मिश्रणात मासळीच्या भावावर बोलायला लागला.

फिलिप्सबर्गला फ्रंट स्ट्रीटवर सिंधी दुकानदारांची रांग आहे. हिंदीत हाक येते, पाणी मिळतं आणि मग टांझानाइट हा निळसर रत्नाचा खडा पुढे येतो, "आपल्या लोकांसाठी खास भाव". जहाजावर ज्या दुकानांची नावं पुन्हा पुन्हा सांगतात त्यातल्या बऱ्याच दुकानांनी त्या जाहिरातीचे पैसे मोजलेले असतात. सासूबाईंनी हार हातात घेतला, उलटून पाहिला आणि "गुजरीत बघू", म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, म्हणून ठेवून दिला.

बंदरावर बाहेरची टॅक्सी घ्यायला हरकत नाही, भाडं आधी ठरवा आणि ते माणशी की गाडीचं तेही विचारा. पण घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. कंपनीची सहल उशिरा आली तर जहाज बहुधा थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही.

झेलनं गेलेले पैसे अजून आलेले नाहीत. तक्रारींच्या पोचपावत्या आल्या आहेत. दरम्यान दुसऱ्या एका मराठी ग्रुपवर अलास्काच्या क्रूझची जाहिरात फिरते आहे: नाव नवीन, फोन नंबर नवीन, ग्रुप रेट, पैसे झेलनं, आणि खाली "ज्येष्ठांसाठी लिफ्टजवळच्या केबिन". मी तिथे एवढंच विचारलं की तुमचा फ्लोरिडाचा नोंदणी क्रमांक काय. पंधरा मिनिटांत ॲडमिननं माझा प्रश्न काढून टाकला आणि मला वेगळा निरोप पाठवला: "ताई, ग्रुपवर वाद नकोत."