डिजिलॉकरमधील पदवी प्रमाणपत्र : उपयुक्त सेवा, पण भिस्त विद्यापीठावर

पदवीदान समारंभात मिळालेले प्रमाणपत्र एरवी कपाटातल्या फाइलमध्ये पडून असते आणि नोकरीच्या किंवा प्रवेशाच्या अर्जाच्या वेळी त्याची शोधाशोध सुरू होते. केंद्र सरकारने २०१५ साली सुरू केलेल्या डिजिलॉकर या कागदपत्रे ऑनलाइन ठेवण्याच्या सेवेने ही धावपळ बरीच कमी केली आहे, आणि तीही विनाशुल्क. विद्यापीठाचे नाव निवडून आसनक्रमांक, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष यांसारखा तपशील भरला की पदवी थेट विद्यापीठाच्या नोंदीतून खात्यात येते.

येथे एक भेद नीट समजून घ्यावा. ‘इश्यूड डॉक्युमेंट्स’ (संस्थेने थेट दिलेली कागदपत्रे) या विभागात आलेली पदवी माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील नियमांनुसार मूळ कागदाच्या बरोबरीची मानली जाते. आपण स्वतः स्कॅन करून चढवलेल्या प्रतीला मात्र तो दर्जा नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०२१ मध्ये अशा पदव्या ग्राह्य धरण्याची सूचना संस्थांना केली होती.

या सेवेची मर्यादा तिच्या रचनेतच आहे. विद्यापीठाने नोंद चढवली नसेल तर हाती काहीच लागत नाही, त्यामुळे जुन्या पदवीधरांना तिचा लाभ तुलनेने कमी मिळतो. आधार कार्डावरील आणि गुणपत्रिकेवरील नावांत फरक असल्यास अडचण येऊ शकते. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी हे आधीच तपासावे. अलीकडच्या पदवीधरांनी ही सेवा अवश्य वापरावी, मात्र मूळ प्रमाणपत्र जपून ठेवावे, कारण परदेशी विद्यापीठे अनेकदा सीलबंद किंवा साक्षांकित प्रतच मागतात.