चौथ्या आठवड्यापर्यंत दम धरा

न्यू जर्सीत डॉक्टरांच्या एका ग्रुपचं ऑफिस मी सांभाळते. मेडिकेअर (अमेरिकन सरकारचा, मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा आरोग्य विमा) आता डॉक्टरांना पेशंट किती तपासले एवढ्यावरच नाही, तर ते बरे राहिले का आणि खर्च किती आला यावरही पैसे देऊ पाहतंय. म्हणून डॉक्टरांनी मला याच नव्या पद्धतीवरच्या आठ आठवड्यांच्या ऑनलाइन कोर्सला बसवलं.

पहिले तीन आठवडे म्हणजे पाणी घातलेलं वरण. २०१० चा आरोग्य कायदा (ओबामाकेअर), २०१२ पासूनची शेअर्ड सेव्हिंग्ज योजना (खर्च वाचवला तर बचतीतला वाटा डॉक्टरांना), त्यासाठी किमान ५,००० मेडिकेअर पेशंटची अट... एका कागदावर मावलं असतं.

चौथ्यात जीव आला. गुडघेबदलाचं उदाहरण होतं: ऑपरेशनपासून हॉस्पिटलमधून सोडल्यानंतर ९० दिवसांपर्यंतचा सगळा खर्च एकाच ठरलेल्या रकमेशी ताडायचा. एका काल्पनिक पेशंटची बिलं समोर टाकली आणि विचारलं, पैसे कुठे गेले? मी सर्जनची फी, इम्प्लांट यांवर बोट ठेवत बसले. गेले होते ते ऑपरेशननंतर नर्सिंग केंद्रात काढलेल्या २० दिवसांत. फिजिओथेरपिस्ट घरी पाठवून भागलं असतं. (माझ्या सासूबाई तर सोलापुरात जिन्याचा कठडा धरूनच चालायला लागल्या.)

राग एकाच गोष्टीचा. खर्च ठरलेल्या रकमेच्या वर गेला तर तो तोटा कोणाच्या खिशातून, हे मी दोनदा विचारलं. उत्तर: 'ते पुढच्या कोर्समध्ये.' त्याची फी वेगळी!

ऑफिस पैसे भरत असेल तर करा. ती बिलांची एक्सेल शीट मी ठेवून घेतलीय, सोमवारी डॉक्टरांपुढे तीच उघडणार.