मायएसक्यूएल कुठून घ्यावं: डिस्ट्रोकडून, ओरॅकलच्या रेपोतून की कंटेनरमधून?

मायएसक्यूएल हा डेटाबेस लिनक्सवर तीन ठिकाणांहून घेता येतो: डिस्ट्रो म्हणजे लिनक्सच्या वितरणाकडून, मायएसक्यूएल बनवणाऱ्या ओरॅकलच्या रेपोतून (पॅकेजांच्या साठ्यातून) किंवा कंटेनरमधून. सर्व्हरची कोणती आवृत्ती हवी, एवढ्यावरूनच बहुतेक जण हे ठरवतात. मी आधी क्लायंट लायब्ररीकडे, म्हणजे इतर प्रोग्रॅम ज्यातून डेटाबेसशी बोलतात त्या कोडकडे बघतो, कारण मोडतोड तिथेच होते.

उदाहरण म्हणून रेड हॅटवरून बनलेलं सेंटओएस ७ हे लिनक्स घ्या. त्याचे अपडेट जून २०२४ मध्ये थांबले, पण अशी मशीन अजून चालू आहेत. रेड हॅटने २०१४ साली आवृत्ती ७ मध्ये मायएसक्यूएलऐवजी त्यातूनच फुटून निघालेलं मारियाडीबी ५.५ दिलं. त्यामुळे पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर आणि पर्लचा मायएसक्यूएल ड्रायव्हर दोघांनाही लिबमायएसक्यूएलक्लायंट या क्लायंट लायब्ररीचा १८ हा आवृत्ती क्रमांक लागतो, आणि तो मारियाडीबी-लिब्स या पॅकेजात असतो. ओरॅकलच्या ५.७ मध्ये हाच क्रमांक २० आहे, ८.० मध्ये २१. मग कुणीतरी सांगतं, मारियाडीबी-लिब्स काढून टाका. पॅकेज बसवणारा-काढणारा यम काढायच्या यादीत पोस्टफिक्सही दाखवतं, पण घाईत ‘वाय’ दाबलं जातं आणि मेल बंद पडतात.

ओरॅकलची रेपो घ्यायची असेल तर कम्युनिटी-लिब्स आणि लिब्स-कम्पॅट ही दोन्ही पॅकेजं एकाच आदेशात टाका. कम्पॅटमध्ये जुना १८ क्रमांक मिळतो, म्हणून पोस्टफिक्स जागेवर राहतं. रेड हॅट ८ कुळात आधी डिस्ट्रोचं मायएसक्यूएल मॉड्यूल डिसेबल करा, नाहीतर रेपोतली पॅकेजं दिसतच नाहीत. आरपीएम या पॅकेज साधनाचा नोडेप्स पर्याय (कोण कशावर अवलंबून आहे ते न तपासणारा) वापरून जबरदस्ती करू नका. २१ ला १८ नावाची सिमलिंक (त्याच फाइलकडे नेणारं दुसरं नाव) तर कधीच देऊ नका. आतली रचना बदललेली असते, आणि प्रोग्रॅम कुठेही कोसळू शकतो.

डिस्ट्रोचं पॅकेज मला नव्या मशीनवर सगळ्यात आधी सुचतं. रेड हॅट ९ मध्ये मायएसक्यूएल ८.० आहेच, आणि सगळं एकाच ठिकाणी बांधलेलं असल्याने लायब्ररीचा झगडा उरत नाही. ८.४ च हवं असं ठोस कारण नसेल तर इथेच थांबा.

कंटेनर स्वतःच्या लायब्ररी घेऊन वेगळा चालतो, त्यामुळे होस्टच्या म्हणजे मूळ मशीनच्या लायब्ररीला हातही लावत नाही. जुन्या मशीनवर नवा सर्व्हर हवा असेल तर मी हाच रस्ता घेतो. जोडताना मात्र लोकलहोस्ट न लिहिता १२७.०.०.१ लिहा, कारण लोकलहोस्ट म्हटलं की क्लायंट होस्टवरचं सॉकेट शोधत बसतो.

एक अडचण कंटेनरमध्येही सुटत नाही, आणि कम्पॅटनेही नाही. ८.० पासून लॉगिनची डीफॉल्ट पद्धत कॅशिंग-शा-२ आहे, आणि १८ क्रमांकाच्या जुन्या लायब्ररीला ती कळत नाही. ८.० वर तेवढ्या एका युजरला जुनी नेटिव्ह पासवर्ड पद्धत देता येते. ८.४ मध्ये ती डीफॉल्टने बंद असते, ९.० मध्ये काढूनच टाकली आहे. म्हणजे जुना ॲप टिकवायचा असेल तर ८.४ च्या पुढे जाताना त्याचा ड्रायव्हरही बदलावाच लागेल.

काहीही निवडण्याआधी मारियाडीबी-लिब्स काढण्याची आरपीएमकडून फक्त ‘टेस्ट’ पर्यायाने चाचणी घ्या. काही न काढता कोण कोण अडतं ते तो सांगतो. त्यात पोस्टफिक्सशिवाय कुणी नसेल तर कम्पॅट पुरतं. तुमचा स्वतःचा ॲप दिसला तर आधी त्याचा ड्रायव्हर बघा.