लॉन मोअर घेताय? पेट्रोल, वायर, बॅटरी की हाताने ढकलायचं

दुकानात गेलात की पात्याची रुंदी आणि किंमत ऐकायला मिळते. मी आधी एकच विचारेन: गवत अडकलं तर मशीन पूर्ण बंद झाल्याची खात्री माळीकाकांना किती सहज करता येईल? बोटं तुटतात ती बहुतेकदा पात्याखालचा ओला लगदा काढायला हात घातल्यावर.

पेट्रोलचा मोअर मोठ्या मैदानाला आणि दाट गवताला उत्तम. खात्रीच्या बाबतीत मात्र हाच सगळ्यात अवघड. इंजिन थांबलं असलं, तरी हाताने पातं फिरवलं तर इंजिन क्षणभर पुन्हा चालू होऊ शकतं. म्हणून स्पार्क प्लगची कॅप काढून बाजूला केल्याशिवाय खाली हात घालायचा नाही. पेट्रोल भरायचं ते इंजिन गार झाल्यावर आणि उघड्यावर. बंद खोलीत मशीन चालवून बघणं तर जिवावर बेतू शकतं, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. कानांना संरक्षण हवंच.

वायरचं मशीन स्वस्त, हलकं, आणि प्लग काढून आपल्या नजरेसमोर ठेवला की शंकाच उरत नाही. पण वायर पात्याखाली येण्याची धास्ती कायम. सॉकेटजवळून सुरुवात करून लांब लांब जात कापा, म्हणजे वायर पाठीमागे राहते. लाइनवर 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. ओल्या गवतावर हे वापरायचं नाही, आणि आपल्याकडे गवत वाढतं तेच मुळी जून ते सप्टेंबरात. माझ्या मते इथेच हा पर्याय मागे पडतो.

घरापुढच्या हिरवळीसाठी मी बॅटरीचं सुचवेन. किंमत जास्त, आणि पावसात तेही नको. पण उघडीप मिळाली, गवत सुकलं की वायरीची कटकट नाही. सुरक्षा-किल्ली आणि बॅटरी काढली की काम झालं. दोरी ओढावी लागत नाही, त्यामुळे लहान मूलही हे चालू करू शकतं. किल्ली मशीनला लावून ठेवू नका, खिशात ठेवा.

हाताने ढकलायचा मोअर इंग्लंडच्या एडविन बडिंग यांनी 1830 मध्ये काढला. छोट्या, नियमित कापलेल्या लॉनला तो आजही छान. श्रावणातल्या गुडघाभर गवतापुढे चालत नाही. त्याला मोटर नाही म्हणून गाफील राहू नका, अडकलेली काडी सुटताच पाती झटक्याने फिरतात. काडी काठीनेच काढा.

मोटर किंवा इंजिन असलेलं कोणतंही मशीन घ्या, दुकानातच (पेट्रोलचं असेल तर बाहेर उघड्यावर) ते चालू करून हँडलवरचा, चालवताना दाबून धरायचा दांडा सोडून बघा. अमेरिकेत 1982 पासून असा नियम आहे की दांडा सोडल्यावर पातं 3 सेकंदांत थांबलं पाहिजे. आपणही तेवढा आग्रह धरावा. पातं रेंगाळत असेल, तर स्वस्त असलं तरी नको.

वापरताना चपला नकोत, पूर्ण बंद बूट हवेत. आधी खडे वेचा. कोकणात जांभ्याचे तुकडे गवतात दिसत नाहीत आणि पात्याला लागले की गोळीसारखे उडतात. उतारावर आडवं कापा, म्हणजे पाय घसरला तरी मशीन अंगावर येत नाही. मशीन मागे ओढत कापू नका. ज्यांच्याकडे आधीच ब्रशकटर (लांब दांड्याचं, गवत-झुडपं कापायचं यंत्र) आहे त्यांनी त्यानेच लॉन कापायचा मोह टाळावा. त्यातून खडे फार लांब उडतात, 15 मीटरच्या आत कुणी असता कामा नये, आणि सोसायटीच्या अंगणात एवढं अंतर मिळत नाही.