चौकातल्या कार्यक्रमाचा प्रस्ताव आणि आमच्या गावातले मच्छीमार

तहसीलसमोर जी ऑनलाइन सेंटरं आणि झेरॉक्सची दुकानं आहेत त्यातल्या एकावर "संस्थांचे सर्व प्रकारचे प्रस्ताव करून मिळतील" असा बोर्ड आहे, त्याचा हा रिव्ह्यू. नाव लिहीत नाही, गाव लहान आहे, रोज समोरासमोर येतो आम्ही, आणि झेरॉक्स मी अजून तिथूनच काढते.

आधी काम काय होतं ते सांगते. जुन्या मार्केटच्या चौकाला लागून आमचं छोटं वाचनालय आहे, मी तिथली सचिव, म्हणजे बिनपगारी शिपाई. लातूरच्या गंजगोलाईसारखी सोळा रस्त्यांची ऐट नाही आमच्या चौकाची, चारच रस्ते येतात, पण बाजारच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसायची. मग बायपास झाला, दुकानं तिकडं सरकली, आता सातला शटर खाली आणि चौकात निस्ती मोकाट जनावरं. म्हणून 2024 ला ठरवलं की 16 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या आदल्या संध्याकाळी, चौकातच भारूड, शाहिरी, शाळेतल्या पोरांचं काहीतरी आणि बचत गटाच्या बायकांचे खाण्याचे स्टॉल असं सगळं घ्यायचं. वर्गणी मागायला गेलो तर व्यापारी म्हणले गणपतीची दिली, नवरात्राची द्यायचीय, जयंतीची दिली, सप्त्याची दिली, आता तुम्ही बी आलात का. त्यांचं बी बरोबर आहे.

मग कुणीतरी म्हणलं सरकारी अनुदान असतंय. असतंय खरं. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची सांस्कृतिक कार्यक्रमांसाठीची योजना आहे, साधारण 5 लाखांपर्यंत, अर्ज ऑनलाइन. आणि नगर परिषदेकडं बी मागता येतं, पण ते बजेटात काय तरतूद आहे त्याच्यावर. आम्हाला दोन्हीतलं काहीच कळत नव्हतं म्हणून दुकानात गेले.

माणूस बोलायला लई गोड. गेल्या गेल्या चहा, "मॅडम तुम्ही टेन्शनच घेऊ नका, फाइल माझ्याकडं सोडा." फी साडेतीन हजार, दोन हजार आधी. कागदांची यादी त्यानं तोंडपाठ सांगितली आणि ती बरोबर निघाली, ते मान्य करते: संस्थेची दोन्ही प्रमाणपत्रं, म्हणजे 1860 च्या कायद्याचं आणि 1950 च्या विश्वस्त कायद्याचं, घटना, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, पॅन, बँक पासबुक, कार्यकारिणीचा ठराव, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा (तिथं संस्थांची ऑनलाइन नोंदणी असते) नंबर, आणि परिशिष्ट एक. या परिशिष्ट एकवर आमचं घोडं अडलं. त्यात विश्वस्तांची नावं असतात, आणि आमच्या यादीतले एक काका वारून चार वर्षं झाली होती. बदल झाला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात फेरफार अहवाल द्यायचा असतो, तो कुणी दिलाच नव्हता. ही चूक दुकानदाराची नाही, आमचीच.

त्याहून मोठी गंमत म्हणजे दर्पणच्या खात्याला मोबाइल नंबर बी काकांचाच. ते सिमकार्ड आता त्यांच्या नातवाकडं आणि नातू पुण्याला कंपनीत. ओटीपी जाणार त्याच्या फोनवर, तो मीटिंगमधे, बाहेर येऊन आकडे सांगेपर्यंत ओटीपी गेलेला. असं पाच वेळा झालं. दुकानदार मात्र एकदा बी चिडला नाही, परत परत टाकत बसला, रात्री साडेनऊ वाजले तरी. एक स्टार त्याचा, मनापासून.

आता प्रस्ताव. 22 पानं, स्पायरल बाइंडिंग, कव्हरवर गुलाबाची फुलं. घरी आणून मी वाचायला बसले आणि पान नंबर नऊवर लिहिलेलं, "परिसरातील मच्छीमार बांधवांच्या पारंपरिक कलांचे जतन व संवर्धन करणे." मी दोनदा वाचलं. आमच्या गावाला मे महिन्यात पंधरा दिवसाला एकदा नळ येतो, टँकरपुढं घागरींची रांग असते, मच्छीमार कुठून आणू? कुठल्यातरी कोकणातल्या संस्थेची फाइल उचलून आमचं नाव टाकलेलं. पुढं "किनारपट्टीवरील पर्यटनास चालना" पण होतं. वाचनालयात सगळ्यांना वाचून दाखवलं, हसून हसून पोट दुखलं, पण दोन हजार आधीच दिलेत म्हणल्यावर हसू बी अर्धंच आलं.

बजेटचं तर विचारूच नका. आमचा खरा अंदाज एक लाख चाळीस हजार. त्यानं बरोबर 5,00,000 करून ठेवलेलं, साउंड दीड लाख, प्रसिद्धी 75 हजार. विचारलं तर म्हणे "मॅडम, मागताना जास्तच मागायचं, ते कापतेत." अरे पण समजा नाही कापले तर हिशेब कोण देणार, तू का मी? अनुदान घेतलं की उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे कशावर खर्चले त्याचा दाखला, द्यावं लागतं, केंद्राचं असेल तर नमुना 12-अ, सीएच्या सहीनं. दीड लाखाच्या साउंडचं बिल आमचा टेंटवाला कसं देणार, त्याचं सगळं दुकान मिळून तेवढं नसंल. शिवाय पैसे सगळे एकदम येत नाहीत, शेवटचा हप्ता हिशेब दिल्यावर, म्हणजे कार्यक्रम आधी खिशातूनच करायचा.

एवढं बी मी गिळलं असतं. मच्छीमार काढायला लावले, आकडे खरे करायला लावले, अर्ज गेला. पण त्यानं अर्जात ईमेल आयडी स्वतःचा टाकलेला. त्रुटीचं पत्र मेलवर आलं, ते त्याच्या हजार मेलमधे पडून राहिलं, आणि मुदत संपल्यावर महिन्यानं त्याला सापडलं. "सर्व्हर डाऊन होता मॅडम." उरलेले दीड हजार मी दिले नाहीत, त्यानं मागितले बी नाहीत. कुणाकडूनबी फॉर्म भरा पण ईमेल आणि मोबाइल आपला टाका, शेजारी बसून टाका.

नगर परिषदेची फाइल मी स्वतःच फिरवली. तेव्हा निवडणूक झालेली नव्हती, नगरसेवक नाहीत, प्रशासक. मला वाटलं बरं झालं, एकच माणूस ठरवणार. कुठलं काय, ठराव घेणारे बी तेच, मंजूर करणारे बी तेच, तरी चार महिने. आवक-जावकला पोच घेतली होती म्हणून निदान फाइल हरवली नाही. शेवटी एका जुन्या क्लार्कनं कानात सांगितलं की ताई, रोख मागू नका, त्याला हेड, म्हणजे बजेटात त्या खर्चाचा रकाना, लागतो, आणि बजेट फेब्रुवारीच्या आसपास ठरतं तेव्हा तुम्ही जूनमधे येऊन काय उपयोग, त्यापेक्षा वस्तू मागा. हा सल्ला साडेतीन हजारात मिळाला असता तर मी त्या दुकानाला पाच स्टार दिले असते.

म्हणून 2025 ला आम्ही दोन पानांचं पत्र स्वतः लिहिलं. चौकाचं भाडं माफ करा, आदल्या दिवशी झाडून घ्या, एक पाण्याचा टँकर द्या, हायमास्ट दुरुस्त करा. सगळं मिळालं, हायमास्ट तर दोन वर्षं बंद होता. टेंटवाल्याचं दरपत्रक साडेअठरा हजार, ते वर्गणीतून. सीएनं बजावलेलं की दहा हजाराच्या वर कुणाला रोख देऊ नका, आणि इथं भारुडाचा फड बारा जणांचा, फडाच्या नावानं खातंच नाही, म्होरक्या म्हणतो बिदागी हातात द्या नाहीतर ढोलकी पिशवीतून निघायची नाही. शेवटी बारा जणांना वेगवेगळं, तिघांना फोनवरून खात्यात, बाकीच्यांना सही घेऊन रोख, दोघांचे अंगठे. ते व्हाउचर मी जपून ठेवलेत, लई देखणे आहेत.

कार्यक्रम छान झाला. पोलीस स्टेशनच्या परवानगीत स्पीकर दहालाच बंद लिहिलेलं, 2000 सालच्या ध्वनी प्रदूषणाच्या नियमामुळं, आणि भारुडातला विंचू नेमका पावणेदहाला चढला. हवालदार साहेब घड्याळ बघत होते पण हसत बी होते. दहाला दोन मिनिटं कमी असताना उतरला. खर्च एक लाख बारा हजार. स्टॉलवाल्या बायकांची धपाटी साडेआठलाच संपली होती.

दुकानाबद्दल अजून एक, अन्याय नको. 2025 ला राज्य सरकारनं 1800 भजनी मंडळांना 25-25 हजार द्यायचं काढलं तेव्हा आमच्या काकूंच्या मंडळाचा फॉर्म त्यानंच भरला, वीस मिनिटांत, पन्नास रुपयात, एक चूक नाही. म्हणजे छोटा फॉर्म असेल, रकाने ठरलेले असतील तर बिनधास्त जा. गावाबद्दल चार ओळी लिहायच्या असतील तर त्या घरून लिहून न्या.

दोन स्टार. एक ओटीपीचा, एक चहाचा. आता म्हणे प्रस्तावाचा रेट पाच हजार केलाय. फेरफार अहवाल आम्ही दाखल केलाय, दर्पणला आता माझा नंबर आहे, आणि मच्छीमारांचं पान नऊ वाचनालयाच्या नोटीस बोर्डावर लावलेलं आहे, कुणाला बघायचं असेल तर संध्याकाळी पाच ते आठ.