20-20 लिटरची दोन बादल्यांची मॉप ट्रॉली: रोज वापरणारीकडून

आधीच सांगून टाकते, घरच्या वापरासाठी ही ट्रॉली घेऊ नका. दोन खोल्यांत ती वळायची नाही आणि मोरीत ठेवली तर तुम्हाला उभं राहायला जागा उरायची नाही. ज्यांचा धंदाच सफाईचा आहे त्यांच्यासाठी लिहितेय. मी हडपसर भागात चार बायकांना घेऊन सोसायट्यांचे जिने, लॉब्या आणि दोन दवाखाने सांभाळते. त्याआधी एका हॉस्पिटलात हाउसकीपिंगला होते, आणि त्याच्याही आधी आयटीच्या बिल्डिंगमध्ये ठेकेदाराकडे.

वस्तू अशी आहे. एका सांगाड्यावर दोन बादल्या, एक निळी, एक लाल. लालवर मॉप पिळायचा दाबा बसतो, त्याला सगळे रिंगरच म्हणतात. खाली चार फिरती चाकं. सोबत अ‍ॅल्युमिनियमची काठी, क्लिप आणि एक सुती मॉप. बोहरी आळीत घासाघीस करून साडेचार हजारांना पडली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण शेजारशेजारच्या दुकानांत तोच साचा वेगवेगळ्या नावांनी लावलेला होता.

दोन बादल्या कशाला, हे मला सोसायटीचे लोक अजून विचारतात. निळीत स्वच्छ पाणी आणि केमिकल, लालमध्ये नुसतं पाणी. मॉप निळीतून काढायचा, लालवर पिळायचा, आठाच्या आकारात फिरवत मागे मागे यायचं. मळला की लालमध्ये खळबळायचा, पिळायचा आणि मगच पुन्हा निळीत. एकाच बादलीत पोछा मारणारा पहिल्या मजल्याची घाण चौथ्या मजल्यावर नेऊन पसरतो, आणि फिनेलचा वास आला की लोकांना वाटतं झालं स्वच्छ. नवीन बाई कामावर आली की मी तिला काही समजावत बसत नाही. चार मजले झाले की दोन्ही बादल्यांत बघायला लावते. लालमधलं पाणी उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखं असतं आणि निळीचा तळ दिसत असतो.

केमिकलबद्दल एकच. बाटलीवर लिटरला 20 मिली लिहिलं असेल तर 20च घाला. जास्त घातलं की फरशीवर थर राहतो, त्यावर धूळ चिकटते आणि शिव्या तुम्हाला बसतात.

आता खोट. 20 लिटर म्हणतात, पण बारा-तेराच्या वर भरलं तर वळताना हिंदकळतं. चाकं गुळगुळीत लॉबीत छान पळतात, पण लिफ्टच्या फटीत आणि उंबऱ्याला अडतात, तिथे सांगाडा उचलावाच लागतो. लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये ट्रॉली खालीच ठेवा, बादल्या सुट्या करून वर न्या. काठी बहुतेक उंच माणसाच्या मापाने केलीय. मी जेमतेम पाच फूट, माझा खांदा भरून यायचा. फॅब्रिकेशनवाल्याकडून चार बोटं कापून घेतली, तेव्हा बरं वाटलं. रिंगरची स्प्रिंग पावसाळ्यात गंजून तुटली. दुकानदार म्हणाला, सुटा पार्ट येत नाही, नवीन रिंगर घ्या. मी स्कूटरच्या गॅरेजमधून एक स्प्रिंग आणून बसवली, ती अजून टिकून आहे.

एवढं असूनही मी हीच का वापरते? उकिडवं बसून फडक्याने फरशी पुसताना येणाऱ्याजाणाऱ्याला आपली फक्त पाठ दिसते. लोक बोलत बोलत ओलांडून जातात, चप्पल ओल्यात टेकवतात. उभं राहून मॉप मारणाऱ्या बाईपाशी माणूस थांबतो. ‘जाऊ का?’ विचारतो. सगळे नाही विचारत, पण पिवळा ‘फरशी ओली आहे’ बोर्ड समोर असला की बरेच जण विचारतात. बोर्ड ट्रॉलीसोबत येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. घ्याच.

गुडघ्यांचं तर बोलायलाच नको. ते ज्याचं त्याला कळतं.

मॉपची काळजी घ्यावी लागते. ओला झाकून ठेवला तर दुसऱ्या दिवशी सगळी लॉबी कुबट वास मारते. धुवून, झटकून, दोरे खाली सोडून वाऱ्यावर टांगायचा. आता माझ्या घरी वारा आहे तो फक्त चाळीच्या गॅलरीत. आमच्या जाऊबाई बार्शीला सगळ्यांना ‘ती पुण्यात कंपनीत असते’ असं सांगतात आणि कुठली कंपनी हे कोणी विचारायच्या आत विषय बदलतात. गॅलरीत मॉप टांगल्यावर इथे तरी ते झाकून राहणं शक्य नव्हतं. पलीकडच्या वहिनी म्हणाल्या, ‘अहो, हे आत वाळवा ना.’ मी म्हटलं, ‘आत वाळत नाही.’ खरंच वाळत नाही.

पुढे त्याच वहिनी ओट्याचं विचारायला आल्या. कडप्प्यावरचे डाग काढायला बाजारातलं फरशीचं अ‍ॅसिड ओतलं होतं, आणि तेवढाच भाग पांढरट, खरखरीत झाला होता. कडप्पा, कोटा, शहाबादी, संगमरवर ही सगळी चुन्याच्या जातीची दगडं. अ‍ॅसिड त्यांना खातं, फेस येतो तो मळाचा नसतो, दगडाचा असतो. तो डाग नव्हे, दगडच झिजलाय, पॉलिशवाल्याला बोलवा, असं मी सांगितलं. त्यांनी मला आत खुर्ची दिली. अ‍ॅसिड हायपोत, म्हणजे जंतू मारायच्या सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात, कधी मिसळू नका, विषारी वायू होतो, हेही तिथेच बसून सांगितलं.

हे मी हॉस्पिटलात शिकले. संडासाची फडकी लाल, ती दुसरीकडे कुठेही लावायची नाहीत. रक्त सांडलं तर आधी कागद टाकायचा, त्यावर 1 टक्का हायपो, मग थांबायचं. थांबणं हेच कामातलं अवघड, कारण सगळे ‘मावशी, पटकन पुसा’ म्हणून ओरडत असतात. मी थांबायचे. डॉक्टर ओरडले तरी थांबायचे, कारण पटकन पुसलं तर जंतू फडक्याबरोबर पुढच्या खाटेपर्यंत जातात. 22 मार्च 2020ला संध्याकाळी पाचला कोरोनात काम करणाऱ्यांसाठी थाळ्या वाजल्या तेव्हा मी ड्युटीवर होते. त्यात आम्ही पण आलो म्हणे. त्याच आठवड्यात मी तेव्हा राहायचे तिथल्या नळावर मला सांगितलं, तू सगळ्यांचं झाल्यावर भर. थाळीचं मी काही मनावर घेतलं नाही, पण त्या वॉर्डात फरशी पुसताना माझा हात कधी चुकला नाही, एवढं मी कुणापुढेही सांगेन.

तर ट्रॉलीला पाचपैकी चार. एक तारा स्प्रिंगचा आणि काठीचा गेला. दोनपेक्षा जास्त लॉब्या असतील तर पैसे वसूल होतात. दवाखान्याचं काम असेल तर संडासासाठी मॉप आणि बादली वेगळी ठेवा, ही ट्रॉली तिकडे नेऊ नका. घेताना दुकानात रिकामी ढकलून बघू नका. बादल्यांत पाणी भरायला लावा, मॉप भिजवा, दाबा दहा वेळा ओढून बघा. दुकानदार तोंड वाकडं करेल. करू दे.